ढगांशी अबोला

"तो लाडवांचा डबा बाहेर काढ, नाहीतर ही पेटी मी इथंच टाकून जातो!" पद्माकर ओरडला आणि त्यानं लोखंडी पेटीचं झाकण धाडकन उघडलं.

"ओरडू नको. झाकण बसतंय की," अंबूआत्या शांतपणे म्हणाल्या. "स्वल्प जोर लावायला हवा. तुझ्या हातात जोर कुठून येणार? नुसत्या कॉफीवर जगतोस."

पेटीत सदऱ्यांखाली कोडबळ्या होत्या, कोडबळ्यांखाली चटणीपुडीची बरणी, बरणीच्या शेजारी गंगेची लोटी. आणि आरशाच्या यंत्राची पितळी चाकं जिथं फडक्यात गुंडाळून ठेवायची, त्या कोपऱ्यात डिंकाचे लाडू ऐसपैस बसले होते. सकाळपासून पद्माकर पेटी रिकामी करत होता आणि त्यानं पाठ वळवायचा अवकाश, ती पुन्हा भरत होती.

"अगं आत्या, मी कामाला चाललोय. बरोबर प्रोफेसर आहेत, तंबू आहेत, स्वयंपाकी आहे."

"स्वयंपाकी कुठला?"

"तिकडचाच असेल कुणी."

"लंकेचा!" आत्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं. "ऐकलंस का गं शुभदे? तुझा नवरा आता लंकेच्या हातचं जेवणार. अरे, लंकेला गेलेला कुणी आजवर सुखानं परत आलाय का?"

"मारुती आला की," शुभदा आतून म्हणाली. ती पुण्याची. सासरच्या वादात कुणाची बाजू घ्यायची नाही, फक्त काडी टाकायची, असा तिचा नेम होता.

"शेपूट पेटवून आला. त्याला निदान शेपूट तरी होतं. ह्याचं काय पेटेल?"

पद्माकरनं कपाळावर हात मारला.

बेंगळुरूच्या पेटेतलं, बाजारपेठेतलं, हे घर जुनं. शहाजीराजांच्या लष्कराबरोबर कुणी कारकून पूर्वज इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं आत्या सांगत. बाहेर कानडी, घरात मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ उंबऱ्यावर. आत्या फार तरुणपणी विधवा होऊन भावाकडे परत आल्या. पुढं भावजय गेली आणि तिचं रांगतं पोर त्यांच्या पदरात पडलं. ते पोर म्हणजे पद्माकर. त्याला वाढवणं आणि संध्याकाळी विठोबाच्या देवळात कीर्तनाला जाणं, एवढा त्यांचा संसार. पण काय तो संसार! मल्हारबुवा कीर्तनाला उभे राहिले की आत्या खांबाला टेकून अशा बसत, की बुवांचं लक्ष सगळ्या सभेवरून फिरून पुन्हा त्या खांबाशी येई. तिथं डोळ्यांत पाणी उभं राहिलं तरच आख्यान जमलं. बुवा आपली बिदागी देवळाकडून घेत, पण पावती अंबूआत्यांकडून.

पद्माकर एका संशोधनशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. तिथं त्याला मिस्टर राव म्हणत. आरसे घासायचे, दुर्बिणी जोडायच्या, पोरांना प्रयोग दाखवायचे. काम आवडीचं, पगार बेताचा, पुढं जायला वाट नाही. अशात ज्येष्ठाच्या अवसेचं सूर्यग्रहण आलं. बेंगळुरूत ते अर्धवटच दिसणार होतं. सिलोनात मात्र खग्रास. तिथं जाऊन सूर्याभोवतीच्या तेजोमंडलाचे फोटो घ्यायचे, असा प्रोफेसर रघुपतींचा बेत होता. कॅमेरा पद्माकरनं स्वतः जोडला होता. फोटो चांगले आले तर परदेशातल्या एका वेधशाळेत शिकायला त्यालाच पाठवायचं, असं प्रोफेसरांनी तोंड भरून कबूल केलं होतं. इतकी वर्षं बंद असलेलं दार किलकिलं झालं होतं, आणि इकडे आत्या त्या दारात डिंकाचे लाडू घेऊन उभ्या होत्या.

"लोक ग्रहण लागलं की घरात बसतात," आत्यांचं चाललंच होतं. "हा आगगाडीनं, बोटीनं ग्रहणाकडे धावतोय. त्यात ग्रहण मिथुनेला, आणि तुझी रासही मिथुन. बघूसुद्धा नये तू. मल्हारबुवाही म्हणाले..."

"बुवांना काय कळतंय सूर्यातलं!"

"तुला कळतंय ना? मग सांग की. कधी नीट बसून सांगितलंस? नुसता ओरडतोस."

हे मात्र खरं होतं. पद्माकर फणफणत उठला, कपाटातून चुंबक आणला, त्यावर जाड कागद धरला आणि कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरवला. शुभदाही हात पुसत बाहेर आली.

"हे बघ. सूर्य म्हणजे नुसता तापलेला तवा नव्हे. त्याच्याभोवती फार विरळ, फार तापलेलं वातावरण आहे. सूर्याच्या अंगापेक्षा शेकडो पटींनी तापलेलं."

"चुलीपेक्षा धूर जास्त तापलेला?" आत्या म्हणाल्या. "असं कुठं असतं का रे?"

"तेच तर कुणाला कळत नाहीये!" पद्माकर ओरडला. अडाणी प्रश्नाचा राग यावा, तर नेमका तोच प्रश्न शहाण्यांनाही सुटलेला नव्हता. "ते इतकं तापतं की अणू फुटतात, त्यातली वीज सुटी होते. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. हा प्लाझ्मा मनाला येईल तिकडे जात नाही. सूर्यातून चुंबकाच्या रेषा निघतात, त्यांना धरून चालतो. रेषा हलली की तो हलतो, आणि तो हलला की रेषेला ओढून नेतो."

"म्हणजे नवरा-बायको," शुभदा म्हणाली.

पद्माकरनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं कागदाला टिचकी मारली. कीस सळसळला, दोन्ही टोकांना झुपक्यांसारखा उभा राहिला आणि मध्ये कमानीमागून कमानी धरत गेला.

आत्या पुढं सरकल्या.

"अगोबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर प्रभावळ."

विठोबाच्या मागं चांदीची प्रभावळ होती, ती त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. पद्माकर नको नको म्हणत असतानाही त्यांनी त्या कागदाला हात जोडले.

"ही सूर्याला असते? मग रोज का दिसत नाही?"

"त्याच्याच उजेडात बुडालेली असते. चंद्र आड आला म्हणजे दिसते, थोडी मिनिटं. आपण लंकेत फोटो घ्यायचे. मग सावली पूर्वेकडे सरकत फिलिपिन्सात जाईल, तिथं दुसरी मंडळी घेतील. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की मधल्या वेळात काय हललं, कुठली रेषा वाकली, ते कळेल. नुसती उभी प्रभावळ नाही बघायची, आत्या. तिला चालताना बघायचंय."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. आत्यांच्या डोळ्यांत, खांबाला टेकल्यावर उभं राहायचं तसं पाणी होतं.

"आणि हे सगळं उतरायचं ह्या काचांवर." त्यानं कोनाड्यातला पुठ्ठ्याचा डबा दाखवला. "विलायतेहून मागवल्यात. ह्या बिघडल्या तर सगळं मुसळ केरात. ह्या डब्याला कुणीही हात लावायचा नाही. कळलं?"

"का रे?"

"आता का म्हणून काय विचारतेस! नाही लावायचा म्हणजे नाही लावायचा!"

"सरी, सरी, बरं," आत्या म्हणाल्या. "ओरडू नको."

दुसऱ्या दिवशी पद्माकर स्टेशनवर जायला जटका, इकडचा टांगा, आणायला गेला. परत आला तेव्हा चांगली उन्हं वर आली होती आणि आत्या माजघरातून बाहेर येत होत्या. डोक्यावरून न्हालेल्या, अंगावर ओलं सोवळं, चेहऱ्यावर समाधान.

"आता ह्या वेळी पुन्हा आंघोळ कसली?" तो वैतागून म्हणाला. गाडीची वेळ होत आली होती.

"तुझ्यासाठीच. जा आता. रामेश्वरी समुद्रात बुडी मार. विसरू नको."

जटक्यात बसल्यावर पाहतो, तर लाडवांचा डबा पायाशी. गाडीनं कृष्णराजपुरम मागं टाकलं तोवर प्रोफेसर रघुपतींनी एक लाडू खाल्लाही होता.

*

सिलोनातल्या एका माळावर त्यांचे तंबू पडले. आजूबाजूच्या टेकड्यांवर देशोदेशीची मंडळी आली होती. आणि आभाळ सारखं भरलेलं. ग्रहणाच्या दिवशी उजाडायच्या आधी पद्माकर काळ्या तंबूत शिरला. काचा चौकटींत बसवायचं काम अंधारात, बोटांच्या अंदाजानं करायचं. ते त्याच्या हाताला पाठ होतं. त्यानं डबा उघडला, काळा कागद सोडवला आणि त्याची बोटं थबकली.

कागद चारी कोपरे आत दुमडून ठेवलेला होता, पोळ्यांच्या फडक्याचे दुमडतात तसा. कारखान्यातली घडी अशी नसते.

त्यानं पहिली काच उचलली. खाली बोटांना गवताची काडी लागली. तंबूतलं गवत असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मग काडी चाचपली. तिला मध्ये नीट गाठ मारलेली होती. दुसऱ्या काचेखाली तशीच काडी. तिसऱ्या काचेखाली. तळापर्यंत.

दर्भ. ग्रहणात बाधू नये म्हणून दह्यादुधावर, लोणच्याच्या बरणीवर ठेवतात तो.

ओलं सोवळं, चेहऱ्यावरचं समाधान, वर आलेली उन्हं, सगळं एका क्षणात जुळलं. एकेक काच पापडासारखी उचलून उजेडात धरली असणार. फोटोच्या काचेला उजेडाचा कवडसाही चालत नाही. इथं तर तिला ऊन दाखवलं होतं. शेजारच्या टेकडीवरून मागून आणाव्यात तर त्या लोकांच्या काचांचं मापच निराळं. बाहेर प्रोफेसर घाई करत होते. पद्माकरनं मेलेल्या माणसाच्या तोंडात औषध घालावं तशा त्या काचा चौकटींत बसवल्या, दर्भाच्या काड्या खिशात कोंबल्या आणि बाहेर आला.

आभाळ अजून भरलेलंच होतं. ते तसंच राहावं, अशी त्यानं देवाची करुणा भाकली. पण देवाला त्या दिवशी नेमकं ऐकायचं नव्हतं. इतर टेकड्यांवरची मंडळी ढगांना शिव्या देत राहिली, आणि ह्या एका माळावर, सूर्य झाकत आला तेवढ्यात ढग फाटला.

प्रोफेसर आपल्या यंत्रावर काळ्या कापडाखाली वाकून आकडे म्हणत होते. पद्माकर त्या आकड्यांवर कॅमेऱ्याची झडप ओढत होता, सोडत होता. हातांना काम होतं, डोळ्यांना नव्हतं. एरवी त्यानं चौकटीवरची नजर हलवली नसती. आता चौकटीत जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं वर पाहिलं.

काळंभोर बिंब, आणि त्याच्याभोवती मोत्याच्या रंगाचं ते. गोल नव्हतं. दोन्ही बाजूंना लांबच लांब पाकळ्या ओढलेल्या, वर-खाली आखूड झुपके, आणि काठावर एका ठिकाणी गुलाबी कमान, एक पाय सूर्यात रोवून दुसरा टेकायला निघालेली. काही हलत नव्हतं, आणि तरी सगळं चाललेलं होतं. कडाडून संतापावं असा तो दिवस, आणि ते करायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

मग काठावर हिरकणीसारखा उजेड फुटला. पाखरं ओरडली. प्रोफेसर कापडाखालून बाहेर आले आणि त्यांनी पद्माकरला मिठी मारली.

*

परतीच्या वाटेवर त्यानं काय बोलायचं ते पक्कं केलं. बोटीत एक वाक्य, मद्रासच्या गाडीत दुसरं. ओरडायचं नाही. थंडपणे सांगायचं. तू माझ्या आयुष्याचं काय केलंस ते तुला कळलं पाहिजे, इथून सुरुवात. घरापर्यंत येता येता ती वाक्यं इतकी धारदार झाली होती, की जिभेलाच कापतील.

दारात आत्या उभ्या होत्या.

"थांब, उंबऱ्याबाहेर." त्यांनी पायांवर पाणी घातलं, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कडाकडा बोटं मोडली. "आलास बाबा. लंकेहून आलास."

"तुम्ही समुद्र ओलांडलात तेव्हापासून ह्या एकवेळ जेवतायत," मागून शुभदा म्हणाली. "मी सांगून दमले."

पद्माकरनं तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याच जवळ आल्या आणि गुपित सांगावं तशा कुजबुजल्या.

"आता सांगते. ओरडायचं नाही हं. त्या काचांना मी हात लावला होता. ऐय्यो, असा बघू नको! सोवळ्यानं लावला. कुणी हात लावायचा नाही म्हणालास ना, म्हणून डोक्यावरून न्हाले, ओलेत्यानंच डबा उघडला, आणि एकेका काचेखाली दर्भाची काडी ठेवली. आपण लोणच्यावरसुद्धा ठेवतो. आणि जिच्यावर साक्षात ग्रहण उतरायचं त्या काचेला काही नको? तू विसरणार, मला ठाऊक होतं."

आणि त्या थांबल्या. कीर्तन संपल्यावर बुवा खांबाकडे पाहत, तशा त्याच्याकडे पाहत राहिल्या.

हात लावायचा नाही, हे आपण सांगितलं होतं. का, ते विचारलं तेव्हा ओरडलो होतो. ज्या घरात हात न लावण्याला एकच कारण ठाऊक, त्या घरात ते कारण मनानं धरून ही बाई पुन्हा एकदा थंड पाण्यानं न्हाली होती.

"मग?" आत्यांना राहवेना. "उतरली का रे प्रभावळ?"

"नाही, आत्या," पद्माकर म्हणाला. "ढग आले."

आत्यांचा चेहरा पडला. मग हळूहळू लाल झाला.

"मेल्यांना तेवढीच जागा सापडली? आणि तेवढीच वेळ?"

वर्तमानपत्रात आलंच होतं, लंकेत ढगांमुळं शास्त्रज्ञांची निराशा. त्यामुळं ते कुणालाही पटण्यासारखं होतं. शुभदाला सोडून. धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला काड्या सापडल्या, आणि ती त्या मुठीत धरूनच आली.

"आत्यांनी डबा उजेडात उघडला होता. होय ना?"

"हळू बोल."

"हळू काय! तुम्ही वर्षभर त्या कॅमेऱ्यावर डोळे फोडलेत. सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते."

"सांगून काय होईल? काचा पुन्हा कोऱ्या होतील?"

"त्यांना कळेल तरी!"

"तेच नकोय."

"धन्य आहात," शुभदा म्हणाली. "घरात चटणीला मीठ कमी पडलं तर आभाळ डोक्यावर घेता, आणि इथं तोंड शिवून बसलात!" पण काड्या तिनं तुळशीत नेऊन टाकल्या आणि त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

संशोधनशाळेत काचा धुतल्या गेल्या. एकजात काळ्या निघाल्या; प्रत्येकीवर मधोमध एक पुसट, फिकट रेघ, तिला मध्ये गाठ. प्रोफेसर रघुपतींनी काच खिडकीशी धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"हे काय आहे, मिस्टर राव?"

"तंबूत माझ्या हातून डबा उघडा राहिला, सर."

"तुमच्या हातून?" प्रोफेसर काचेकडे बघत राहिले. ते जन्माचे कर्मठ, त्यांच्याही आईनं उभ्या जन्मात ग्रहणं पाळलेली. ती रेघ कशाची, हे त्यांना ओळखता आलं की नाही कोण जाणे. "मला खोटं सांगू नका. फिलिपिन्सवाल्यांना मी काय कळवू? त्यांच्या फोटोला आता जोडच नाही. आणि तुमचं परदेशाचं? कमिटीपुढं मी काय ठेवू, हा काळा चौकोन?"

"माझ्या हातून झालं, एवढंच ठेवा, सर."

प्रोफेसर बरंच बोलले. कानडीत बोलले, इंग्रजीत बोलले, टेबलावर मूठ आपटली. पद्माकर उभा राहिला. शेवटी ते दमून खुर्चीत बसले आणि निराळ्याच आवाजात म्हणाले,

"तुम्ही वर पाहिलंत?"

"पाहिलं, सर."

"मी कापडाखाली होतो. माझं आयुष्य ह्या विषयात गेलं, राव. मी ते तेजोमंडल कधीच पाहिलेलं नाही." त्यांनी समोरची खुर्ची पुढं ओढली. "सांगा. बसा, आणि सांगा."

पद्माकरनं बसून सांगितलं.

परदेशी त्याच्या हाताखालचा एक हुशार मुलगा गेला. पद्माकरनंच त्याला आरसे घासायला शिकवलं होतं.

*

इकडे देवळात मल्हारबुवांनी पूर्वरंगातच विषय काढला. देवानं आपल्या पद्माकराला लंकेपर्यंत नेलं, दारात उभं केलं, आणि ऐन वेळी तोंडावर पदर ओढून घेतला! असं कशाला केलं असेल? देवाला लाज वाटली असेल, असं म्हणून बुवांनी झांजेवर ताल धरला. सभा हळहळली, हसली. पद्माकर मागं बसून दात-ओठ खात होता. आपल्या दुःखाचं असं सुरावर आख्यान झालेलं ऐकणं, आणि त्यातही ते खोटं, ह्यापरता वैताग नाही.

खांबाशी आत्या मात्र रडत नव्हत्या. बुवा तिथं पाहून चपापले. आत्यांनी कीर्तन संपल्यावर त्यांना गाठलं.

"देवाचं नाव घेऊ नका, बुवा. देवानं काही केलं नाही. ढगांनी केलं."

आणि त्या दिवसापासून अंबूआत्यांनी ढगांशी अबोला धरला.

पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटली. गच्चीवर सांडगे घातलेले असत, आभाळ भरून येई, शेजारपाजारच्या बायका धावत. आत्या पाय पसरून बसून राहत. "ये, भिजव," त्या वर न बघता म्हणत. "तुझी अक्कल तेवढीच." शुभदा धापा टाकत सांडगे गोळा करी आणि नवऱ्याकडे अशी बघे, की त्यानं खाली मान घालावी. पाऊस आला की आत्या खिडकी लावून घेत. कुणी म्हटलं, काय सुंदर आभाळ आलंय, तर त्यांच्या कपाळाला आठ्या.

"आत्या, पुरे आता," पद्माकर चिडून म्हणे. "ढगांवर कुणी राग धरतं का?"

"तू गप. तुला राग धरता येत नाही, म्हणून मला धरावा लागतो."

पोटात एक आणि ओठांवर एक घेऊन माणूस घरात वावरला की त्याला भांडताही येत नाही. तो चहाच्या कपावरून ओरडे, जटकेवाल्यावर ओरडे, वर्गातल्या पोरांवर ओरडे. पुढं पुढं तेही कमी झालं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागला, डेमॉन्स्ट्रेटरच राहिला.

साठच्या दशकात मध्येच एका वर्षी पावसानं दगा दिला. तळी आटली, नळाला पाण्याऐवजी नुसता सुस्कारा येई. देवळात पावसासाठी कीर्तनांचा सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मागणं मागायचं, तर आत्या हात जोडायला तयार होईनात. मल्हारबुवा स्वतः घरी आले.

"अक्का, एवढं काय ते? गुरंढोरं मरताहेत."

"कीर्तन ऐकायला येईन, बुवा. मागणार नाही. ज्यांचं तोंड बघत नाही, त्यांच्याकडे मागायचं कसं?"

"पद्माकरराव, तुम्ही तरी सांगा!"

पद्माकर दोघांकडे पाहत राहिला. एका शब्दाचं काम होतं. तो उठून आत निघून गेला.

पुढं आत्या थकल्या. गुडघे गेले, मग कंबर, मग अन्नावरची वासना. देवळात जाणं सुटलं. मल्हारबुवाही आता घरी येऊन ओसरीवर बसून हळू आवाजात काहीतरी म्हणत, आणि आत्या आतून ऐकत. एके दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, मला अंगणात न्या. पद्माकरनं आणि शुभदानं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, खाट अंगणात आणली. शुभदा कॉफी करायला आत गेली.

आभाळ निळं होतं. त्यात दक्षिणेकडून एकच ढग चालला होता. पद्माकरला वाटलं, आता तोंड फिरवतील. खाट वळवावी म्हणून तो उठला.

"राहू दे," आत्या म्हणाल्या. त्या ढगाकडेच पाहत होत्या. "पद्मू, हा लंकेकडूनच आलाय का रे?"

"त्याच बाजूनं आलाय. असेल."

"म्हातारा झालाय बघ. पांढरा."

पद्माकर खाटेच्या कडेवर बसला. आत्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि वर, त्या ढगाच्या दिशेनं, लहान पोराला पुढं जा म्हणून सांगतात तसा हलवला.

"जा. सोडलं तुला. मुद्दाम नसेल केलंस."

ढग सूर्यावर आला आणि अंगणातलं ऊन निवलं.

"नाही, आत्या," पद्माकर म्हणाला. "मुद्दाम नव्हतं केलं."

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ऊन पुन्हा अंगणात आलं ते त्यांच्या तोंडावर. तेव्हा तो उठला आणि खाट भिंतीच्या सावलीकडे ओढू लागला. शुभदाला हाक मारावी असं त्याच्या मनात आलं होतं, पण तशी गरज पडली नाही. आत्या इतक्या हलक्या झाल्या होत्या, की खाट एका हातानंच सरकली.